निसर्गाचा दुभाषी : अमेरिकेतील उद्यानांचे हंगामी रक्षक आणि आपले विस्तारकार्य

एखादी गोष्ट आपणांस ठाऊक असणे निराळे आणि ती दुसऱ्याच्या मनात उतरविणे निराळे. विस्तारकार्यात ज्यांनी थोडीफार वर्षे घालविली आहेत त्यांना हा भेद सांगावयास नको. बियाण्यास प्रक्रिया करा, बांधावरची झाडे राखा, विहिरीच्या पाण्याचा हिशेब ठेवा, असे चावडीवर सांगितले की माना डोलतात. आठ दिवसांनी शिवारात फेरी मारावी तर सर्व काही पूर्ववत चाललेले दिसते. अशा वेळी ऐकणाऱ्यास दोष देऊन मोकळे होणे सोपे असते. परंतु सांगण्याची रीत कोठे उणी पडली याचा शोध घेणे अधिक हितावह होय.

हा शोध ज्यांनी पद्धतशीरपणे घेतला अशा एका वर्गाची ओळख प्रस्तुत लेखात करून द्यावयाची आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांत दर उन्हाळ्यात काही महिन्यांपुरते नेमले जाणारे रक्षक, म्हणजेच 'हंगामी रेंजर', हा तो वर्ग होय. आपल्याकडे रेंजर म्हटले की वनक्षेत्रपालाची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. तेथील रेंजरांत मात्र अनेक प्रकार आहेत. काही बंदोबस्त पाहतात, काही आगी विझवितात आणि काहींचे काम केवळ एवढेच असते की, उद्यान पाहावयास आलेल्या माणसाला समोरच्या निसर्गाचा अर्थ उलगडून दाखवावा. या कामास तेथे 'इंटरप्रिटेशन' म्हणतात. दोन परक्या भाषा बोलणाऱ्यांमध्ये दुभाषी जे करतो, तेच हा रक्षक निसर्ग आणि माणूस यांच्यामध्ये करीत असतो.

या सेवेचा उगम

जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखले जाणारे यलोस्टोन १ मार्च १८७२ रोजी कायद्याने स्थापन झाले. पुढे अशी अनेक उद्याने झाली आणि त्या सर्वांचा कारभार पाहण्यासाठी २५ ऑगस्ट १९१६ रोजी राष्ट्रीय उद्यान सेवा अस्तित्वात आली. स्टीफन मॅथर हे तिचे पहिले संचालक. जमीन राखून ठेवली, पहारे बसविले. तथापि येणारा माणूस डोंगर पाहून परत जातो आणि त्याच्या गाठी काहीच पडत नाही, हे त्यांच्या लवकरच ध्यानी आले.

१९१९ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील टाहो सरोवराच्या परिसरात हॅरल्ड ब्रायंट व लॉय मिलर हे दोन प्राणिशास्त्रज्ञ सुटीवर आलेल्या लोकांना रानात हिंडवून पक्षी व झाडे दाखवीत आणि रात्री व्याख्याने देत. त्यांच्याभोवती जमणारी गर्दी मॅथर यांनी पाहिली व पुढील वर्षी, १९२० मध्ये, हाच उपक्रम योसेमिटी उद्यानात विनामूल्य सुरू करविला. त्याच वर्षी यलोस्टोनमध्ये इझाबेल बॅसेट वॉसन या भूशास्त्र शिकलेल्या तरुणीची हंगामी रक्षक म्हणून नेमणूक झाली. आदल्या वर्षी त्या प्रवासी म्हणून आल्या असता सहप्रवाशांना तेथील खडकांची घडण समजावून सांगत होत्या. उद्यानाचे अधीक्षक होरेस ऑलब्राइट यांनी त्यांची ही हातोटी हेरली होती. १९२५ पासून तर योसेमिटीत अशा कार्यकर्त्यांसाठी उन्हाळी शिक्षणवर्गच सुरू झाला. सारांश, पदवीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व समजावून सांगण्याच्या गुणास द्यावयाचे, हे धोरण प्रारंभापासून दिसून येते.

हंगामाचे माणूस

यलोस्टोनचा विस्तार सुमारे २२ लाख एकर असून तो वायोमिंग, माँटाना व आयडाहो या तीन राज्यांत पसरलेला आहे. हिवाळ्यात तेथे इतका बर्फ पडतो की, बहुतेक रस्ते चाकांच्या वाहनांस महिनोन् महिने बंद असतात. वर्षाकाठी चाळीस लाखांहून अधिक लोक या उद्यानात येतात आणि त्यांतील बहुसंख्य जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतात. सुगीच्या दिवसांत जसे घरच्या माणसांनी काम उरकत नाही व रोजाने माणसे लावावी लागतात, तशीच ही निकड आहे. त्यामुळे मे महिन्याच्या सुमारास हंगामी रक्षक दाखल होतात आणि पाने पिवळी पडू लागली की निघून जातात.

यांत महाविद्यालयांतील विद्यार्थी असतात, उन्हाळी सुटीतील शिक्षक असतात, नोकरीतून निवृत्त झालेली माणसेही असतात. वेतन तासांवर मिळते. राहण्यास उद्यानातच दोघा-तिघांत मिळून खोली असते व तिचे भाडे वेतनातून कापले जाते. पुढील वर्षी काम मिळेलच अशी निश्चिती नसते. असे असूनही वर्षानुवर्षे त्याच उद्यानात परत येणारे रक्षक आढळतात. अंगात राखाडी सदरा, हिरवी विजार व डोक्यास रुंद काठाची ताठ टोपी हा त्यांचा वेश दुरूनही ओळखू येतो. या वेशामुळे लोक त्यांना निःसंकोचपणे प्रश्न विचारतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न 'शौचालय कोठे आहे' हाच असतो. त्याचे उत्तर सौजन्याने दिल्यावाचून माणूस पुढच्या प्रश्नाकडे वळत नाही, हे अनुभवी रक्षक जाणून असतो. ज्याची तातडीची गरज भागलेली नाही, त्याच्या कानी निसर्गाची थोरवी पडत नाही.

बोलण्यापूर्वीची तयारी

हंगामाच्या आरंभी या मंडळींना प्रशिक्षण दिले जाते. वनस्पती, प्राणी, खडक, इतिहास व सुरक्षितता यांची माहिती त्यात असतेच. परंतु भर असतो तो कार्यक्रमाच्या बांधणीवर. कोणालाही तयार भाषण पाठ करावयास देत नाहीत. प्रत्येकाने आपला कार्यक्रम आपणच रचावयाचा असतो आणि त्यापूर्वी एका वाक्यात लिहून काढावयाचे असते की, श्रोत्याने घरी जाताना नेमकी कोणती एक गोष्ट बरोबर न्यावी. ते एक वाक्य जुळले नाही तर कार्यक्रम तयार झाला असे मानीत नाहीत. पुढे वरिष्ठ माणूस श्रोत्यांत बसून कार्यक्रम ऐकतो आणि नंतर एकांतात दुरुस्त्या सुचवितो.

कार्यक्रमांचे प्रकार ठरलेले आहेत. एखाद्या झऱ्यापाशी उभे राहून पंधरा-वीस मिनिटांचे निवेदन, लहान जथ्याबरोबर तास-दीड तासाची फेरी, रात्री शेकोटीभोवती किंवा खुल्या रंगमंचावर होणारे चित्रांसहित व्याख्यान, माहिती केंद्रातील मेजामागची हजेरी आणि गर्दीत मिसळून केलेली सहज बातचीत. मुलांसाठी निराळी योजना असते. ती हातात वही घेऊन उद्यानात हिंडतात, पाहिलेले टिपून ठेवतात आणि शेवटी रक्षकासमोर शपथ घेऊन 'बालरक्षक' असा बिल्ला मिळवितात.

या साऱ्या अनुभवास शास्त्राचे रूप देण्याचे काम फ्रीमन टिल्डन या लेखकाने केले. त्यांचे या विषयावरील पुस्तक १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले व आजही या सेवेत ते मूलग्रंथ समजले जाते. त्यातील विचारांचा मथितार्थ असा की, नुसती माहिती म्हणजे अर्थबोध नव्हे. ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या आयुष्याशी जे जोडले जात नाही ते निष्फळ ठरते. मुलांना सांगावयाचे ते मोठ्यांच्या भाषणाचा पातळ काढा करून सांगू नये, त्यांच्यासाठी रीतच वेगळी असावी. आणि या सर्व खटाटोपाचे साध्य शिकविणे हे नसून, माणसाच्या मनात स्वतः शोध घेण्याची उत्कंठा जागी करणे हे आहे.

उकळत्या फवाऱ्यापाशी

हे तत्त्व प्रत्यक्षात कसे उतरते ते एका उदाहरणावरून पाहू. कोकणात उन्हाळे म्हणून ओळखले जाणारे ऊन पाण्याचे झरे आपल्या परिचयाचे आहेत. यलोस्टोनच्या भूमीत असे झरे, कुंडे, वाफेची विवरे व फवारे दहा हजारांहून अधिक आहेत. त्यांपैकी ठरावीक काळाने उसळणाऱ्या फवाऱ्यांस 'गायझर' म्हणतात. पाणी तापविण्याच्या घरगुती यंत्रास आपण जे नाव देतो ते हेच. यांतील सर्वांत प्रसिद्ध फवारा 'ओल्ड फेथफुल' या नावाचा आहे. दीड ते पाच मिनिटेपर्यंत त्याचे पाणी शंभर ते एकशे ऐंशी फूट उंच उसळत राहते.

त्याच्याभोवती बाके मांडलेली आहेत. लोक येतात, घड्याळ पाहतात व कंटाळतात. रक्षकाचे काम येथून सुरू होते. 'हे पाणी का उसळते?' असे तो आधी विचारतो. उत्तरे येऊ देतो. मग सांगतो की, जमिनीखाली तापलेल्या खडकांत पाण्याची एक उभी नळी आहे आणि तिला मध्येच एक अरुंद गळा आहे. वरच्या पाण्याच्या भारामुळे तळाचे पाणी उकळबिंदूच्या पलीकडे तापूनही उकळू शकत नाही. घरातील दाबाच्या भांड्यात डाळ लवकर का शिजते, हे ज्या गृहिणीस ठाऊक आहे तिला हे चटकन उमगते. तापत तापत थोडे पाणी वरून सांडते, भार हलका होतो आणि तळाच्या पाण्याची एकदम वाफ होऊन सर्व स्तंभ आकाशात फेकला जातो.

यानंतर तो श्रोत्यांवर काम सोपवितो. फवारा उसळला की तो किती वेळ चालतो हे मोजा. तो अडीच मिनिटांहून कमी चालला तर नळीतील पाणी व उष्णता थोडीच खर्च झाली. तेव्हा पुढचा फवारा तास-सव्वा तासात येतो. तो अधिक वेळ चालला तर नळी भरून तापण्यास दीड तास किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. रक्षक स्वतः फलकावर जी वेळ लिहितात ती याच रीतीने काढलेली असते आणि ती मागेपुढे दहा मिनिटांच्या आत बहुधा खरी ठरते. १९५९ व १९८३ च्या मोठ्या भूकंपांनंतर दोन फवाऱ्यांमधील अवकाश वाढला, हेही अशाच नोंदींमुळे कळले.

आता श्रोत्यांची अवस्था पाहावी. काही वेळापूर्वी कंटाळलेली माणसे हातात घड्याळ धरून, आपला अंदाज खरा ठरतो की खोटा हे पाहण्यासाठी तेथेच खोळंबून राहतात. ती आता तमासगीर उरलेली नाहीत, निरीक्षक झाली आहेत. आपल्या शेतावर पर्जन्यमापक लावून रोजची नोंद करणारा शेतकरी आणि हा प्रवासी यांच्या मनोवृत्तीत काही अंतर उरत नाही.

नाणी टाकलेले कुंड

याच भागात 'मॉर्निंग ग्लोरी' नावाचे एक कुंड आहे. घंटेच्या आकाराच्या निळ्या फुलावरून त्यास हे नाव मिळाले, इतके त्याचे पाणी निळेशार होते. नवसाने म्हणा वा गमतीने म्हणा, लोक त्यात नाणी, दगड व कचरा टाकीत आले. १९५० मध्ये त्यातील पाणी मुद्दाम उसळवून ते साफ करण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा त्यातून नाण्यांची रास व रुमाल-कपड्यांचा ढीग बाहेर आला. तळाशी ऊन पाणी येण्याच्या वाटा बुजल्याने कुंड थंडावले. अत्युष्ण पाण्यात जे जगू शकत नव्हते असे पिवळे-नारिंगी सूक्ष्म जीव आता कडेने आत सरकले आणि निळाई मध्यभागीच उरली.

'कुंडात काही टाकू नये' अशी पाटी पूर्वीही होती. रक्षक पाटी वाचून दाखवीत बसत नाही. तो रंगांच्या वलयांकडे बोट दाखवून, कोणता रंग किती उष्णतेत राहतो ते सांगतो आणि 'हा पिवळा पट्टा आत का सरकला असेल?' एवढेच विचारतो. उत्तर हाती आलेल्या माणसाचा हात नाण्याकडे जात नाही.

या सूक्ष्म जीवांची योग्यता किती थोर आहे याचेही एक उदाहरण तो देतो. १९६६ च्या सुमारास टॉमस ब्रॉक या शास्त्रज्ञांना यलोस्टोनच्या एका झऱ्यात उष्णता सोसणारा एक जीवाणू सापडला. १९६९ मध्ये त्याचे 'थर्मस अ‍ॅक्वाटिकस' असे नामकरण झाले. पुढे १९८३ मध्ये केरी मलिस यांनी शोधलेल्या 'पीसीआर' या चाचणीत त्याच जीवाणूपासून मिळालेले विकर उपयोगी पडले. आज ऊतिसंवर्धित केळीच्या रोपांत विषाणू आहे की नाही, हे तपासताना प्रयोगशाळेत ही चाचणी वापरतात. म्हणजे दूरच्या एका झऱ्याचा संबंध आपल्या जळगावच्या केळीबागेशी जाऊन पोहोचतो. असा धागा सापडला म्हणजे ऐकणाऱ्याच्या दृष्टीने परकी वस्तू परकी राहत नाही.

अस्वलांचा खेळ आणि त्याचे मोल

या सेवेचा इतिहास सर्वच उजळ आहे असे नव्हे. १९३० च्या दशकात यलोस्टोनमध्ये उपाहारगृहांचे उष्टे एका जागी टाकीत आणि ते खावयास येणारी अस्वले पाहण्यासाठी प्रेक्षकांना बाके मांडून देत. समोर अस्वले उकिरडा उपशीत आहेत आणि रक्षक त्यांच्या जीवनक्रमावर व्याख्यान देत आहे, असे ते दृश्य असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा खेळ बंद पडला. तरी रस्त्याच्या कडेला मोटारी थांबवून अस्वलांस पाव-बिस्किटे भरविण्याची प्रथा पुढे कित्येक वर्षे चालू राहिली.

परिणाम व्हावयाचा तो झाला. १९३१ ते १९६९ या काळात यलोस्टोनमध्ये दरवर्षी सरासरी ४८ माणसे अस्वलांकडून जखमी झाली आणि मालमत्तेच्या नुकसानीचे शंभरावर प्रसंग घडले. माणसाजवळ अन्न मिळते हे अस्वलास कळले की त्याची भीड चेपते आणि अखेर त्यास ठार करावे लागते. १९७० मध्ये नवे धोरण अमलात आले. उकिरडे बंद झाले, अस्वलास न उघडणाऱ्या कचरापेट्या बसविण्यात आल्या व खाऊ घालण्याची बंदी कसोशीने पाळली जाऊ लागली. संक्रमणाच्या त्या वर्षांत अनेक ग्रिझली अस्वले प्राणास मुकली व १९७५ मध्ये ही जात संकटग्रस्त म्हणून कायद्याने संरक्षित करावी लागली. परंतु आज अस्वलाकडून माणूस जखमी होण्याचे प्रसंग तेथे वर्षाकाठी एक-दोनच्या घरात आले आहेत.

वाणीने सांगावयाचे एक आणि व्यवस्थेने दाखवावयाचे दुसरे, असे झाले की लोक व्यवस्थेकडूनच शिकतात, हा या प्रकरणाचा धडा होय. उकिरड्यापुढे उभे राहून दिलेले व्याख्यान कितीही रसाळ असले तरी त्याचा उपयोग नाही. आज तेथील रक्षक बोलतो तेव्हा त्याच्या शब्दामागे बंद झाकणाची पेटी उभी असते.

आपल्याकडे जुन्नर, संगमनेर, अकोले या भागांत उसाच्या फडात बिबट्याचे वास्तव्य आहे. तेथील गावकऱ्यांच्या दृष्टीने हा विषय जीवनमरणाचा आहे. गावाच्या कडेला उकिरडा साचला की मोकाट कुत्री व डुकरे जमतात आणि त्यांच्या मागावर बिबट्या वस्तीजवळ येतो. अशा गावी कार्यकर्त्याने 'वन्यप्राण्यांवर प्रेम करा' असा उपदेश केल्यास तो कोणास रुचणार नाही व रुचू नये. त्याऐवजी पहाटे पाच-दहा माणसांसह पाणंदीने फिरावे, पावलांचे ठसे दाखवावेत, उकिरडा व गोठा यांची जागा पाहावी आणि बिबट्या कोणत्या वाटेने का येतो, हे त्यांच्याच तोंडून वदवावे. मग गोठा रात्री बंदिस्त करणे, तिन्हीसांजेनंतर मुलांस एकटे बाहेर न सोडणे, कचऱ्याची विल्हेवाट लावणे आणि बिबट्या दिसल्यास त्याच्याभोवती गर्दी न करता वनखात्यास कळविणे या गोष्टी आपोआप पटतात. त्याबरोबरच ग्रामपंचायतीने उकिरडा खरोखर हलविला पाहिजे. एरवी यलोस्टोनच्या उकिरड्यावरील व्याख्यानाची पुनरावृत्ती झाल्यावाचून राहणार नाही.

अप्रिय गोष्ट सांगण्याचा प्रसंग

रक्षकाची खरी कसोटी लोक संतापलेले असतात तेव्हा लागते. १९८८ च्या कोरड्या उन्हाळ्यात यलोस्टोनमध्ये आगीचे थैमान माजले. उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग, म्हणजे जवळजवळ आठ लाख एकर, आगीच्या झळीत सापडला. विजेमुळे लागलेल्या काही आगी माणसास व मालमत्तेस धोका नसल्यास जळू द्यावयाच्या, असे धोरण १९७२ पासून होते. त्यामुळे लोकांचा रोष उद्यानावर वळला. जुलैच्या उत्तरार्धात सर्वच आगी विझविण्याचा निर्णय झाला. तथापि त्या आटोक्यात आल्या त्या सप्टेंबरातील पाऊस व बर्फ पडल्यानंतरच.

त्या दिवसांत व त्यानंतरच्या हंगामांत रक्षकांनी कोळसा झालेल्या रानातच लोकांना नेले. तेथील लॉजपोल पाइन या वृक्षाची काही फळे राळेने घट्ट मिटलेली असतात व आगीच्या धगीनेच ती उमलून बी खाली सांडते. राखेतून वर आलेली बोटभर रोपे त्यांनी लोकांना गुडघ्यावर बसवून दाखविली. ज्यांची घरे वा व्यवसाय धोक्यात आले होते त्यांचे दुःख खोटे आहे असे त्यांनी म्हटले नाही. आधी ऐकून घेतले, झालेली हानी मान्य केली आणि मग रोपाकडे बोट दाखविले. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. वरील हकीकत त्या विशिष्ट वृक्षाची व त्या भूमीची आहे. आपल्या रानांतील वणवे बहुतांशी माणसानेच लावलेले असतात. त्यांत कोवळी रोपे, जमिनीवरील घरटी व पालापाचोळ्याचे खत यांचा नाश होतो. तेव्हा यावरून कोणीही बांध वा माळ पेटविण्यास आधार घेऊ नये. एका ठिकाणचे ज्ञान दुसऱ्या ठिकाणी लागू करण्यापूर्वी तेथील माती व झाड पाहावे, हाही निसर्ग-परिचयाचाच एक भाग आहे.

कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावयाच्या गोष्टी

या रक्षकांच्या पद्धतीतून आपल्या शिवारफेरीस, शेतीशाळेस व पीक-प्रात्यक्षिकास उपयोगी पडतील अशा गोष्टी पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१. कार्यक्रमापूर्वी एक वाक्य लिहावे. आज शेतकऱ्याने घरी कोणती एकच गोष्ट न्यावयाची ते ठरले पाहिजे. दहा गोष्टी सांगितल्यास एकही पोहोचत नाही.

२. वस्तूपाशी जाऊन बोलावे. सभागृहात बोंडअळीचे चित्र दाखविण्यापेक्षा कपाशीचे एक बोंड फोडून दाखविणे अधिक परिणामकारक होय.

३. उत्तर सांगण्यापूर्वी प्रश्न विचारावा व थांबावे. शांततेचे ते क्षण कार्यकर्त्यास जड वाटतात. परंतु श्रोत्याचा विचार त्याच क्षणांत चालू होतो.

४. मोजावयास लावावे. पानावरील किडी, झाडावरील शेंगा, विहिरीतील पाण्याची पातळी जो स्वतः मोजतो, त्याचा निष्कर्ष त्याच्या मालकीचा होतो.

५. नित्याच्या जीवनातील दाखला द्यावा. चूल, रवी, मोट, बैलाचे खांदे यांची भाषा सर्वांस कळते.

६. मुलांकरिता स्वतंत्र योजना करावी. शाळेच्या मुलांनी बांधावरचे पक्षी व मित्रकीटक यांची वही ठेवली तर ती वही घरातील वडीलधारी माणसेही चाळतात.

७. ठाऊक नसेल तेथे 'पाहून सांगतो' असे म्हणावे आणि खरोखर पाहून सांगावे.

आपल्या गावातील हंगामी काम

अशा कामास आपल्या राज्यातही वाव आहे आणि काही गावांनी तो साधलाही आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या पुढाकाराने सागरी कासवांच्या अंड्यांचे रक्षण सुरू झाले. पिले समुद्रात जाताना पाहण्यासाठी वसंतात लोक येतात व गावातील घरोघरी उतरतात. उजनी जलाशयाच्या काठी भिगवण परिसरातील मच्छीमार हिवाळ्यात आपल्या होडीतून रोहित व इतर पाहुणे पक्षी दाखवितात. साताऱ्याजवळील कास पठारावर पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलांचा हंगाम असतो, तेव्हा भोवतालच्या गावांतील मंडळी व्यवस्था पाहतात व मार्गदर्शन करतात. हे पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळालेल्या पश्चिम घाटातील स्थळांपैकी एक आहे. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या ताडोबाच्या राष्ट्रीय उद्यानात लगतच्या गावांतील तरुण वाटाडे म्हणून काम करतात.

या सर्व ठिकाणी उत्पन्न थोड्या महिन्यांचे असते व त्यावर संपूर्ण प्रपंच चालेल असे मानता येणार नाही. शेतीस जोड म्हणून मात्र त्याची किंमत मोठी आहे. स्थानिक माणसाजवळ एक भांडवल असे असते की, जे बाहेरून आलेल्या पदवीधरास अनेक वर्षे घालवूनही मिळत नाही. कोणत्या झाडाला कधी मोहोर येतो, कोणत्या डोहात पाणी टिकते, कोणता पक्षी ओरडला की पाऊस जवळ आला असे गावात मानतात, हे त्याने लहानपणापासून पाहिले वा ऐकलेले असते. उणीव असते ती सांगण्याच्या सरावाची. प्रवाशांना केवळ वाघ दाखविण्याची हमी देऊ लागलेला वाटाड्या वाघ न दिसल्यास तोंड लपवितो. परंतु ठसा, वारुळ, ओरखडलेले खोड व घुबडाची ढोली यांचा अर्थ सांगू शकणारा वाटाड्या कधीच रिकाम्या हाती परतत नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील अशा तरुण-तरुणींस हेरून वनखाते व स्थानिक संस्था यांच्याशी त्यांची गाठ घालून दिली, तर ती गावाची मोठी सेवा ठरेल.

समारोप

हंगामी रक्षकाची नोकरी चार महिन्यांची, अधिकार तुटपुंजा आणि श्रोता असा की, आज भेटला तो पुन्हा कधी भेटेल याचा नेम नाही. एवढ्याच साधनांवर त्यास माणसाच्या मनात जमिनीविषयी आस्था उत्पन्न करावयाची असते. आपल्या कार्यकर्त्यांची स्थिती त्या मानाने पुष्कळच अनुकूल आहे. आपला श्रोता आपल्याच गावचा आहे, वर्षाचे बाराही महिने तो भेटतो, आणि ज्या मातीविषयी बोलावयाचे ती त्याच्या पायांखालीच आहे. येत्या हंगामातील पहिल्या शिवारफेरीत भाषण आवरते घेऊन एक रोप उपटावे, त्याची मुळे सर्वांच्या हाती द्यावीत आणि 'काय दिसते?' असे विचारून पाहावे. उत्तरे ऐकल्यावर पुढे काय बोलावयाचे, ते शेतकरीच आपणांस सुचवितील.